थोरल्यांची कार्बनची होडी

साडू हे नातं ज्याने पहिल्यांदा जुळवलं, त्याला स्वतःला साडू नसावा. असता तर त्याने हा उद्योग केलाच नसता. भाऊ आवडला नाही तर वाटणी मागता येते, शेजारी आवडला नाही तर घर बदलता येतं. साडूचं तसं नाही. ज्या घरी आपला मान, त्याच घरी त्याचाही मान. आणि मान ही वस्तू अशी, की दोघांत वाटली की दोघांनाही आपल्या वाट्याला चतकोरच आल्यासारखं वाटतं.

थोरल्यांचं दुखणं हेच होतं. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण सासरी पाऊल टाकल्यापासून ते 'थोरले जावई' झाले आणि पुढे बोलण्याच्या घाईत जावईही गळून नुसते 'थोरले' उरले. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. अशा माणसाला घरात कोण किती भरतो हे बरोबर कळतं, निदान कळतं असं त्याला वाटतं. सासरच्या तराजूत आपलं पारडं कित्येक वर्षं जड होतं याबद्दल थोरल्यांना शंका नव्हती.

त्याला कारण होते सासरे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांची उभी हयात फेरीबोटीवर तिकिटं तपासण्यात गेली होती. या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून या काठाला. माणूस मुलखाचा मितभाषी. पण दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, "थोरले, येताय ना? पट मांडलाय." थोरले जायचे, बुद्धिबळात सपाटून हरायचे आणि जिंकल्यासारख्या चेहऱ्याने घरी यायचे. धाकट्या जावयाला बुद्धिबळ येत नव्हतं. देवाने जगात काही गोष्टी फार विचारपूर्वक केल्या आहेत, असं थोरल्यांचं तेव्हा मत होतं.

मग एका रविवारी फोन आला नाही. थोरले आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी बायकोच्या फोनवरून स्वतःच्या फोनला फोन लावून पाहिला. तो नीट वाजला. मग त्यांनी तो उचलून "हॅलो" म्हटलं, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आप्पा नाहीयेत आज. धाकट्यांनी कयाक घेतलीय ना, त्यातून गेलेत समुद्रावर."

"काय घेतलीय?"

"कयाक. लांबुळकी, निमुळती होडी असते. समुद्रातली आहे, दोघांची आहे, पिवळी आहे, फायबर ग्लासची आहे."

या एका वाक्यात चार गोष्टी होत्या. थोरल्यांच्या डोक्यात त्यातली शेवटची तेवढी शिरली. ती शिरली ती कायमचीच, आणि पुढचं सगळं रामायण तिथून घडलं.

संध्याकाळी दोघं माहेरच्या घरी गेली, म्हणजे बायको माहेरी गेली आणि थोरले पुरावे गोळा करायला गेले. आप्पांचं नाक उन्हाने लाल झालं होतं. शेजारी धाकटे बसले होते. धाकटे काहीतरी संगणकाचं करत. नेमकं काय, हे त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. गोरापान, हसरा, मनाने निर्मळ माणूस. थोरल्यांना तो आदराने 'दादा' म्हणायचा आणि पाठीमागेही त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायचा. शत्रूने निदान वाईट तरी असावं, एवढी साधी सोयसुद्धा थोरल्यांच्या नशिबात नव्हती.

"पाण्याला अगदी हात लागतो हो, थोरले," आप्पा म्हणाले. "इतकी वर्षं बोटीवर काढली, पण पाण्याला कधी हात लागला नव्हता."

बुद्धिबळ खेळताना आप्पा 'शह' आणि 'बघा बरं' यापलीकडे काही बोलत नसत. ही दोन सबंध वाक्यं त्यांनी एका दमात बोलली आणि तीसुद्धा साडूच्या होडीबद्दल. आपल्याला मत्सर वाटतोय हे थोरल्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही. आपल्याला अचानक समुद्राची ओढ लागली आहे, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर ते बंदराच्या रस्त्यावर गेले. तिथे दोरखंड, जाळी आणि रंगाचे डबे विकणाऱ्या दुकानांच्या ओळीत कयाकचं एकच दुकान होतं. मालकीणबाई उंच, वल्हवून वल्हवून खांदे रुंद झालेल्या, आणि बोलायला मोकळ्या.

"कुठे चालवणार? खाडीत की बाहेर? कोण कोण बसणार?" त्यांनी रीतसर विचारलं.

"ते राहू द्या," थोरले म्हणाले. "कशाकशाच्या असतात ते सांगा."

बाईंनी टेबलाच्या खणातून तीन तुकडे काढले. मोडक्या होड्यांचे कापलेले, तळहाताएवढे चौकोन. पहिला जाडसर, लाल, प्लॅस्टिकचा. ही होडी खडकावर आदळली तरी ओरखड्यावर निभावतं, पण उचलताना कंबर धरते आणि उन्हात करकचून बांधून ठेवली तर अंगाला पोचा येतो. दुसरा गुळगुळीत पांढरा, मागून बघितलं तर काचेच्या धाग्यांची वीण दिसणारा, फायबर ग्लासचा. ताठ असते, पाणी सपसप कापते, आपटली तर चीर जाते, पण चीर घरच्या घरी बुजवता येते. तिसरा काळा, पातळ, बारीक चौकड्यांच्या कापडासारखा. कार्बन. तिघींत हलकी, तिघींत ताठ, मात्र तिने खडकाशी भांडायला जाऊ नये. तिची किंमत बाईंनी तोंडाने सांगितली नाही, पेन्सिलीने कागदावर लिहून कागद उलटा करून सरकवला. थोरल्यांनी तो वाचला आणि घडी करून परत दिला.

"पहिलीच असेल तर प्लॅस्टिकची घ्या," बाई म्हणाल्या. "नवशिक्याला बरी. चुका पोटात घालते."

नवशिक्या हा शब्द थोरल्यांना लागला. "आमच्या साडूंनी फायबरची घेतली म्हणतात. पिवळी."

"अहो, माझ्याकडूनच नेली! फार सज्जन गृहस्थ. सासऱ्यांना फिरवायचं म्हणून घेतली, किती कौतुकाने सांगत होते. अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

थोरल्यांनी तिन्ही तुकडे पिशवीत टाकले आणि दोन दिवसांत परत देतो म्हणाले. ते तुकडे त्यांच्याकडे महिनाभर राहिले.

तो महिना बायको अजून विसरलेली नाही. वजनमापांचा माणूस, कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं त्याच्या रक्तात नाही. थोरल्यांनी तिन्ही तुकडे आधी ऑफिसच्या तराजूवर तोलले. मग मिठाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकून ती न्हाणीघरात ठेवली. बायकोने नेहमीची बादली समजून तीत त्यांचे शर्ट भिजवले. पुढचा आठवडाभर थोरले कडक, पांढरट शर्ट घालून तपासणीला जात आणि बाजारातले दुकानदार म्हणत, साहेब आज फारच कडक दिसतात. हातोडीची चाचणी ओट्यावर झाली. फायबरचा तुकडा सहीसलामत राहिला, ओट्याची फरशी गेली. प्लॅस्टिकचा तुकडा ओट्यावरच पडलेला बघून बायकोने त्यावर उकळत्या चहाचं पातेलं टेकवलं आणि तुकडा वाटीसारखा खोलगट झाला.

"बघा," ती म्हणाली, "पोचा येतो. बाई बरोबर सांगत होत्या. आता त्या बाईंचं ऐका आणि मला माझा ओटा द्या."

शेजाऱ्यांना खबर लागायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य संध्याकाळी पायजम्यावरच खाली आले. त्यांनी खिशातून बारीक आरसा काढून फायबरच्या तुकड्याची कड तपासली आणि थोरल्यांना आ करायला सांगण्याच्या सुरात म्हणाले, "फायबरच घ्या. दाताचं आणि हिचं शास्त्र एकच. कीड लागली, कोरा, भरा, घासून पॉलिश करा. प्लॅस्टिकला मात्र काही चिकटत नाही. ती एकदा गेली की कवळीच."

समोरच्या काकू घरगुती प्लॅस्टिकच्या डब्यांची एजन्सी चालवत. त्या दंतवैद्यांना जिन्यातच गाठून खाली घेऊन आल्या. "कोण म्हणतं प्लॅस्टिक वाईट? माझ्या डब्यावरून रिक्षा गेलीय. डबा तसाच आहे, झाकणसुद्धा बसतं."

"रिक्षाचं काय झालं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"रिक्षाचं आपल्याला काय करायचंय?"

त्या दोघांचं भांडण थोरल्यांच्या दिवाणखान्यात तासभर चाललं, दोघांनी दोनदा चहा घेतला आणि जाताना परस्परांशी बोलणं टाकलं. प्लॅस्टिक की फायबर, या प्रश्नावर त्या इमारतीत पुढे दोन तट पडले. कार्बनची बाजू घेणारा एकही माणूस नव्हता. ऑफिसातल्या शिपायाने तर सरळ विचारलं होतं, "साहेब, समुद्रावर जायलाच हवंय का?"

खरं सांगायचं तर महिन्याच्या शेवटी थोरल्यांची बुद्धीही प्लॅस्टिककडे झुकली होती. किंमत बरी, आपल्या हातून आपटणार हे नक्की. बुद्धीने घेतलेला निर्णय टिकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या संध्याकाळी त्यांना कशासाठी तरी धाकट्यांच्या घरी जावं लागलं. धाकट्यांचं घर बैठं, पुढे ओसरी, आणि ओसरीच्या आढ्याला दोन पट्ट्यांनी ती पिवळी कयाक टांगलेली. संध्याकाळच्या उन्हात ती अशी काही चमकत होती, की थोरल्यांनी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून खुर्ची घेतली.

"दादा, तुम्हीही घेताय असं ऐकलं!" धाकट्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तोच सहन होत नव्हता. "काय मजा येईल! माझं म्हणाल तर कार्बनचं स्वप्न होतं हो. पण म्हटलं आपल्याला कशाला? पाण्याला काय कळतंय, आणि आप्पांना तर काहीच फरक पडत नाही."

यात शहाणपण होतं. थोरल्यांनी त्यातलं फक्त 'स्वप्न' घेतलं. धाकट्यांचं स्वप्न! परत येताना ते रस्त्याने पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्ज केला. 'कारण' या रकान्यात काय लिहिलं, हे त्यांनी बायकोला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुकानात बाईंनी चित्रांचं जाडजूड पुस्तक उघडलं. कार्बनच्या होड्या परदेशातून मागवाव्या लागत. थोरल्यांनी 'कार्बन' लिहिलेलं पान बोटाने दाबून धरलं.

"ही? ही मस्तच आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या एकट्यासाठीच ना?"

थोरल्यांच्या डोळ्यांसमोर ओसरी आली, पिवळी होडी आली, 'मजा येईल' म्हणणारा साडू आला. आज ना उद्या हा माणूस "दादा, जरा बघू" म्हणत आपली होडी मागणार.

"अर्थात!" ते गरजले. "माझ्या एकट्यासाठी. दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागता कामा नये तिला."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

होडी यायला अडीच महिने लागले. त्या काळात रविवार येत आणि जात. आप्पांचा फोन येत नसे. यायचा तो बायकोला, "आज कासव दिसलं" किंवा "आज त्या पुलाखालून गेलो" असं सांगायला. थोरले शेजारी वर्तमानपत्र धरून बसत आणि पान उलटत नसत. फोन ठेवताना बायको विचारायची, "यांना देऊ का?" आणि पलीकडून आप्पा म्हणायचे, "नको, झोपू दे त्यांना." रविवारी सकाळी आपण झोपलेले असतो असं आप्पांना वाटायला लागलं होतं!

शेवटी एका दुपारी इमारतीच्या दारात टेंपो थांबला. पांढऱ्या फोमच्या जाड वेटोळ्यांत गुंडाळलेली ती वस्तू फाटकातून आत आली आणि वळण घेऊ शकली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी चटकन खाली आले. सेक्रेटरी हा प्राणी फाटकात काही अडकल्याचा आवाज झोपेतही ओळखतो.

"हे काय आहे?"

"होडी."

"ते दिसतंय. पण हे वाहन आहे की फर्निचर?"

प्रश्न बिनतोड होता. वाहन असेल तर ते नेमून दिलेल्या पार्किंगमध्येच उभं राहिलं पाहिजे आणि थोरल्यांचं पार्किंग होडीपेक्षा आखूड होतं. होडीचं नाक दंतवैद्यांच्या हद्दीत जात होतं. दंतवैद्य फायबरपक्षाचे. त्यांनी कार्बनचं नाक आपल्या हद्दीत चालणार नाही असं लेखी कळवलं. फर्निचर असेल तर ते घरात हवं, जिन्यात किंवा गच्चीवर ठेवता येणार नाही, कलम अमुक. मग घरात न्यावी तर लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्याच्या वळणावर तिरपी होईना. तातडीची सभा भरली. सभेत काकूंनी सांगितलं, की प्लॅस्टिकची घेतली असती तर जिन्यात जरा वाकली असती. शेवटी होडी दोरांनी बांधून बाल्कनीतून वर ओढायची ठरली. ती हवेत लोंबकळत असताना थोरले खालून "धक्का नको! धक्का नको!" असं ओरडत होते आणि शेजारच्या इमारतीतले लोक बाहेर येऊन बघत होते.

घरात ती स्वयंपाकघराच्या दारापासून झोपण्याच्या खोलीच्या दारापर्यंत कर्णरेषेत बसली. जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं. घरात इकडून तिकडे जायचं तर तिच्यावरून टांग टाकून जावं लागे, आणि टांग टाकताना फोमला पाय लागला तर थोरले श्वास रोखून धरत. फोम त्यांनी काढू दिला नाही. ऑफिसातून आणलेल्या टांगत्या काट्यावर त्यांनी ती मात्र ताबडतोब तोलली. काट्यावर शिक्का त्यांनीच मारलेला, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. साडूच्या होडीचं वजन बाईंकडून आधीच विचारून घेतलेलं. त्याच्या निम्म्याहून कमी! फोम धरून!

"निम्म्याहून कमी!" ते बायकोला म्हणाले. "याला म्हणतात कार्बन."

बायको फोमच्या एका फटीतून आत डोकावत होती. "मधे बसायचं भोक दिसतंय. पण आप्पा कुठे बसणार?"

"पुढे ते लंबगोल झाकण आहे ना, त्याच्या खाली. मागे पण एक आहे. बंद केलेलं असतं, पाणी जाऊ नये म्हणून."

"उघडून बघा की एकदा."

"धूळ जाईल."

त्या शनिवारी थोरल्यांनी स्वतःहून आप्पांना फोन केला. "आप्पा, उद्या सकाळी आपण समुद्रावर जायचं. तुम्ही आणि मी. माझ्या होडीतून." पलीकडून आप्पा म्हणाले, "हो का? येतो." एवढंच. पण थोरल्यांना रात्रभर पुरलं. बऱ्याच महिन्यांत आप्पा त्यांच्यासाठी कुठे तरी येणार होते.

रविवारी धक्क्यावर सगळं घराणं हजर. मेहुणीने टोप्या आणल्या होत्या. धाकटे आपली होडी घरीच ठेवून आले होते, "आज दादांचा दिवस" असं म्हणत. आप्पा गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, अंगात लाइफ जॅकेट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, असे केव्हाचे तयार होऊन उभे होते. ओहोटीची वेळ, पाणी शांत आणि कमरेएवढं. थोरल्यांनी कात्रीने फोमची वेटोळी एकेक करून उकलली. आतून काळी, चौकड्यांची, आरशासारखी होडी निघाली आणि धाकट्यांच्या तोंडून "अहाहा!" असा उद्गार निघाला. थोरल्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण. तो लगेचच संपला.

"या आप्पा, तुमची जागा दाखवतो," असं म्हणून त्यांनी पुढचं लंबगोल झाकण उघडलं.

आत एक कोनाडा होता. डबे, पाण्याची बाटली, फार तर एखादी घोंगडी मावेल असा. थोरल्यांनी त्यात हात घातला, मग कोपरापर्यंत घातला, जणू बसायची जागा आत कुठेतरी दुमडून ठेवलेली असेल. मग ते मागच्या झाकणाकडे गेले. तिथेही कोनाडाच. मेहुणीने हळूच झाकण बघितलं, मग आप्पांच्या देहाकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"भाऊजी, आप्पा नाही मावणार यात," ती म्हणाली. "आप्पांचा डबा मावेल."

"ही एकाचीच आहे, दादा," धाकटे फार हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजात दया होती. एक वेळ हसला असता तर परवडलं असतं. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढलेल्या माणसाने होडी तोलली होती, भिजवली होती, ठोकली होती. तिच्यात माणसं किती मावतात हे तेवढं मोजायचं राहून गेलं होतं. थोरल्यांना वाटलं, धक्का फाटावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. ते आप्पांकडे बघायला धजेनात.

"काही हरकत नाही," धाकटे घाईघाईने म्हणाले, "मी आपली होडी घेऊन येतो. पाच मिनिटांत. आप्पा नेहमीसारखे माझ्या पुढे बसतील, दादा त्यांच्या होडीतून शेजारून येतील..."

"थांबा," आप्पा म्हणाले.

ते होडीभोवती एक फेरी मारून आले. मधल्या भोकात वाकून बघितलं. "एकाचीच?"

"हो," थोरले जमिनीकडे बघत म्हणाले. "चुकलं, आप्पा."

"बरं झालं. द्या ते वल्हं इकडे."

"आप्पा!" दोन्ही मुली एकदम ओरडल्या.

"ओरडू नका. उभा जन्म बोटीवर गेला, चालवायचं दुसऱ्याने आणि मी आपली तिकिटं बघायची. यांच्या होडीत बसलो तर हे म्हणतात, आप्पा, तुम्ही आरामात बसा, वल्ह्याला हात लावू नका. मी मोठा माणूस, नाही कसं म्हणणार? यांनी हौसेने घेतलेली." आप्पांनी धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोहता मला तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. पाणी कमरेएवढं आहे. आता मला जाऊ द्या."

धाकट्यांचा हसरा चेहरा पहिल्यांदाच पडला. थोरल्यांनी तो पडताना बघितला, पण त्यांना तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी आणि धाकट्यांनी मिळून होडी पाण्यात धरली. आप्पा एकेक पाय आत सोडून बसले, हलले, सावरले. मग त्यांनी गळ्यातला चष्मा काढला.

"हा धरा कुणीतरी. खारं पाणी लागतं."

दोन हात एकदमच पुढे झाले. धाकट्यांचा जवळ होता. आप्पांनी मान वर केली, दोघांकडे बघितलं आणि जरा लांब वाकून चष्मा थोरल्यांच्या हातात दिला.

"तुम्ही धरा, थोरले. आणि पुढच्या रविवारीही होडी आणा."

"आणतो की. मी पण..."

"तुम्ही काठावर थांबायचं. लक्ष ठेवायला आपलं माणूस लागतं."

आप्पांनी वल्हं मारलं. होडी आधी स्वतःभोवती एक फेरा फिरली, मग दुसऱ्या बाजूने एक फिरली. एकदा इतकी कलली की मेहुणी डोळे मिटून बसली, आणि बायको गुडघाभर पाण्यात उतरली. मग आप्पांना गोम कळली असावी. नाक सरळ झालं आणि ती हलकी काळी होडी काही आवाज न करता पुढे निघाली. आप्पांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांची पाठ मात्र धक्क्यावरून ताठ दिसत होती, एवढी ताठ की ती आप्पांची वाटतच नव्हती.

दोन्ही जावई धक्क्याच्या उतारावर, घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते.

"दादा," धाकटे म्हणाले. ते आप्पांकडे बघत नव्हते, थोरल्यांच्या हाताकडे बघत होते. "चष्मा माझ्याकडे कधी नाही दिला हो त्यांनी. पहिल्या दिवशीच मी मागितला होता, म्हटलं द्या, सांभाळतो. नको म्हणाले. तसेच गळ्यात अडकवून बसायचे."

थोरल्यांनी मान वळवली. साडूच्या डोळ्यांत जे होतं ते त्यांनी तत्काळ ओळखलं. गेले कित्येक महिने दाढी करताना ते त्यांना आरशात रोज दिसत होतं. एका चष्म्यावर खिळलेली ती केविलवाणी, जळणारी नजर. माणुसकीने आता काहीतरी बरं बोलावं, हे त्यांना कळत होतं. चष्म्यात काय आहे एवढं, असं म्हणता आलं असतं. तुम्हीच धरा थोडा वेळ, असंही म्हणता आलं असतं. धाकट्यांनी त्यांच्या जागी नक्की म्हटलं असतं.

चष्मा थोरल्यांच्या खिशात मावत होता, पण त्यांनी तो खिशात टाकला नाही. दोन्ही हातांनी, काचांना बोट न लावता, धाकट्यांना नीट दिसेल असा तो धरून ते आप्पा परत येईपर्यंत उभे राहिले.